पंखा बंद झाल्यावर

कार्तिक सरत आला की बालीगंजमधल्या घरांतून पंखे एकामागून एक बंद होऊ लागतात. आधी म्हाताऱ्यांच्या खोल्यांतले, मग लहान मुलांच्या, आणि शेवटी एखाद्या रात्री अंगावर चादर ओढता ओढता कोणीतरी उठते आणि उरलेल्या पंख्याचेही बटण बंद करते. कोलकात्याला थंडी अशी येते. आठ महिने अविरत फिरणारी पाती थांबली की घरात एक पोकळी निर्माण होते आणि त्या पोकळीत इतके दिवस बाहेर ताटकळलेले आवाज हलकेच पाऊल टाकतात. गरियाहाटच्या चौकातून वळणारी शेवटची बस, गल्लीच्या तोंडाशी आपटणारी रखवालदाराची काठी, वरच्या मजल्यावरचा खोकला. बहुतेकांना या दिवसांतली ही शांतता हवीहवीशी वाटते. त्याला मात्र तिची धास्ती वाटते. पंखा थांबला की त्याच्या कानांत रातकिडे बोलू लागतात.

'बोलू लागतात' हे म्हणणे तसे बरोबर नाही. ते कधी थांबलेलेच नसतात. पंख्याची घरघर त्यांच्यावर एक पातळ पांघरूण घालते, एवढेच.

ते पहिल्यांदा लक्षात आले ते २०११ च्या हिवाळ्यात. निवृत्त होऊन त्याला दोन वर्षे झाली होती. बालीगंज स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, एकडालियाकडे जाणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्याचे घर. रात्री दीडच्या सुमारास त्याला जाग आली ती एका बारीक, सरळ, कुठेही न तुटणाऱ्या आवाजाने. आयुष्यभर यंत्रांच्या सहवासात राहिलेल्या माणसाचा पहिला विचार असा की घरातले काहीतरी बिघडले आहे. तो उठला. शीतकपाटाला कान लावला. ट्यूबलाइटची चोक तपासली. पाण्याच्या पंपाची खोली खाली होती. तिथवर जिना उतरून जाऊन आला. एकेक खटका बंद करीत, प्रत्येक वेळी थांबून ऐकत, त्याने शोध चालवला. गिरणीत दोष हुडकायचा तो याच पद्धतीने. शेवटी त्याने दाराशेजारचे मुख्य बटणच खाली ओढले. सगळे घर काळोखात बुडाले आणि आवाज दुप्पट झाला.

"अहो, काय करताय?" बायको विजेरी घेऊन उठून आली.

"ऐक. येतोय ना?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "काहीच नाही हो. इतकं शांत आहे की मला माझाच श्वास ऐकू येतोय."

बिघडलेले यंत्र कोणते, हे त्याला त्या क्षणी कळले असावे. पण ते मान्य करायला आणखी काही महिने गेले.

तो मूळचा पुण्याच्या कसबा पेठेतला. तांबट आळी घरापासून चार पावलांवर होती. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांना घाट देणाऱ्या हातोड्यांचा तो गजर सकाळी सुरू होई आणि दिवेलागणीला थांबे. शाळेत जाताना आळीतून जायचे तर मुले तोंडाने बोलत नसत, हातवारे करीत. त्यांच्या लेखी तो एक खेळ होता. आळीतली वृद्ध माणसे फार मोठ्याने बोलत. ती सदैव भांडत असतात असा त्याचा लहानपणी समज होता आणि आई त्याला दटावून सांगे, "भांडत नाहीत रे, त्यांना ऐकू येत नाही." का येत नाही, हे तिने सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. तांबट म्हातारा झाला की बहिरा होतो, यात विचारण्यासारखे ते काय? पावसाळ्यात भिजणे आणि म्हातारपणी केस पिकणे यांच्यासारखीच ती गोष्ट. पुढे फार वर्षांनी त्याच्या वाचनात आले की रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला तेव्हा व्हेनिसच्या तांबटांची हीच कथा सांगितली होती, आणि त्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती १७१३ ची होती. म्हणजे पेशवाईचा पाया पडत असतानाच हे कोणाला तरी ठाऊक होते. कसबा पेठेपर्यंत ते पोचायला अडीचशे वर्षे अपुरी पडली.

१९७१ मध्ये तो बालीगंजला आला तो तागाचे शास्त्र शिकायला. बालीगंज सर्क्युलर रस्त्यावरची तागाच्या तंत्रविद्येची ती संस्था पुढे कलकत्ता विद्यापीठाचा विभाग झाली. ब्रह्मदेशाच्या लाकडाच्या खिडक्या असलेल्या एका जुन्या घरात चार मुलांनी मिळून चालवलेली खाणावळ, रासबिहारी अॅव्हेन्यूवरून झाडांच्या सावलीत घसरत जाणारी ट्राम, आणि जानेवारीत डोव्हर लेनच्या मंडपात रात्र रात्र चालणारे गाणे: या तीन गोष्टींनी त्याला या शहराशी बांधून टाकले. डोव्हर लेनचे संगीत संमेलन १९५२ पासून भरते आहे. पुढे ते सरोवराकाठच्या नजरुल मंचावर गेले. पण त्याच्या आठवणीतले संमेलन मंडपातले, शाली पांघरून बसलेल्या माणसांचे. तेथे कोणी मराठी गवई गायला बसला की हाजरा रस्त्यावरच्या महाराष्ट्र निवासातली ओळखीची मंडळी पुढच्या रांगांत दिसत. तंबोरे जुळत असतानाची ती पाच मिनिटे त्याला गाण्याइतकीच प्रिय होती. चारही तारा एकमेकींत विरून एक पाचवाच स्वर उमटतो, तो ऐकण्यासाठी तो डोळे मिटून घेई. आपले कान चांगले आहेत, याचा त्याला अभिमान होता.

हाच अभिमान त्याने गिरणीत नेला.

गिरणी बजबजच्या बाजूला, नदीकाठी होती. बालीगंजहून सकाळची गाडी पकडली की तासाभरात फाटकाशी पोचता येई. बंगालमधली पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये रिश्र्याला उभी राहिली. पुढच्या काळात तिच्यासारख्या गिरण्यांची यंत्रे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून आली आणि त्यांच्याबरोबर तिथला आवाजही आला. डंडीच्या विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत असत, असे सांगतात. इथले विणकर बिहारचे, ओरिसाचे, आंध्रचे. एकमेकांची भाषा त्यांना येत नसे. मागखात्यात त्याची गरजही नव्हती. तिथे सगळेच डंडीच्या बायकांसारखे हातांनी बोलत.

मुंबईच्या गिरणगावातले साचाखाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आवाजाची थोडी कल्पना येईल. ताग कापसापेक्षा राकट, म्हणून त्याचे मागही राकट. एका छपराखाली कित्येकशे माग, प्रत्येक मागावर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा दांडा धोट्याला हाणतो, आणि धोटा समोरच्या पेटीत जाऊन आदळतो. सारे आघात मिळून एक अखंड भिंत उभी राहते. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. जगातले बरेच तज्ज्ञ तीही जास्त मानतात. ते ८५ वर थांबतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते असे सांगतात. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. डेसिबलची गणना सरळ पायऱ्यांची नसते, गुणाकाराची असते. हे तो शिकला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. मागखात्यात पाऊल ठेवताना ते ज्ञान बाहेर चपलांसारखे राहत असे.

कानांत घालायच्या बुचांची एक खोकी भांडारात होती. ती तपासणीच्या दिवशी बाहेर निघे. त्याने स्वतः ती कधी वापरली नाहीत, आणि यामागे केवळ बेफिकिरी नव्हती. त्या भिंतीतून एखाद्या मागाचा बिघडलेला ठोका वेगळा काढण्याची विद्या त्याला साधली होती. चालता चालता तो थबके, मान कलती करी आणि चौथ्या रांगेतल्या नेमक्या मागाकडे बोट दाखवी. सरदार मंडळी आपसांत म्हणत की या मराठी बाबूला माग कानात येऊन सांगतो. तंबोऱ्याने घडवलेला कान त्याने असा खर्ची घातला. बुचे घातली तर ही विद्या जाईल, अशी त्याची समजूत होती. जी विद्या बुचांमुळे गेली नसती ती बुचांवाचून गेली, हे समजायला अवकाश होता.

१९८४ सालातली गोष्ट. छपरा जिल्ह्यातला एक विणकर दुपारच्या पाळीनंतर त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. हातात टोपी धरून, फार मोठ्याने, तो म्हणाला, "साहब, रात को कान में झींगुर बोलता है. सोने नहीं देता."

आपल्या साहेबाला हसू आले. "सब के कान में बोलता है," तो म्हणाला. "छुट्टी ले के गाँव हो आओ. मशीन बंद, तो झींगुर बंद."

माणूस गावी गेला. महिन्याने परतला आणि पुन्हा टेबलाशी उभा राहिला. "गाँव में तो और जोर से बोलता है, साहब."

आता मात्र साहेबाला राग आला. यंत्रापासून लांब गेल्यावर यंत्राचा आवाज वाढतो, ही गोष्ट त्याच्या तर्कात बसेना. या माणसाला तांतघर सोडून गोदामात हलके काम हवे आहे आणि त्यासाठी हे निमित्त, असा निष्कर्ष त्याने काढला. तसा शेरा मारला. बदली नामंजूर झाली. अन्याय करताना माणसाचा आवाज बहुधा चढत नाही. त्या दिवशीही चढला नव्हता. हा प्रसंग तो पुढे सत्तावीस वर्षे साफ विसरला होता.

मुख्य बटण खाली ओढून काळोखात उभा असताना त्याला आठवले ते हेच वाक्य. गाँव में तो और जोर से बोलता है.

कान तपासणाऱ्या बंगाली डॉक्टरने त्याच्यापुढे एक आलेख ठेवला. खालच्या स्वरांना रेषा सरळ जात होती. वर ४००० कंपनांच्या आसपास ती विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाने बहिरा झालेला कान ओळखायला ही एक खूण पुरते. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची एक नळी असते. तिच्या पडद्यावर केसांसारखे तुरे असलेल्या पेशींच्या रांगा असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी दहा कोटींच्या वर भरतात. त्या मानाने ही फारच तुटपुंजी पुंजी. शेतातले पीक वादळात आडवे व्हावे तसे मोठ्या आवाजात हे तुरे वाकतात. काही पुन्हा उभे राहतात, काही मोडतात. मोडलेले मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या कानांत उगवतात, हे १९८० नंतरच्या संशोधनात आढळले. तांबट नावाचा जो पक्षी आहे, दुपारभर ठोके घालीत बसणारा, त्याच्या जातभाईंना निसर्गाने हे वरदान दिले आहे. आळीतल्या तांबटांना दिले नाही.

मग हा आवाज कशाचा? डॉक्टर म्हणाला, कानाचा नव्हे, मेंदूचा. ज्या स्वरांची वर्दी कानाकडून येईनाशी झाली, त्यांची वाट पाहत मेंदू आपली श्रवणशक्ती वाढवत नेतो, रेडिओचे स्टेशन लागत नाही म्हणून आवाजाचे बटण पिळत जावे तसा, आणि शेवटी स्वतःचीच खरखर ऐकू लागतो. तुटलेला पाय ठणकतो, त्यातलाच हा प्रकार. मग त्याने यंत्रावर निरनिराळे स्वर वाजवून आतल्या आवाजाशी ताडून पाहायला सांगितले. जुळला तो स्वर पियानोच्या शेवटच्या पट्टीच्याही वरचा होता. तंबोऱ्याला तो कधी लागायचा नाही. आवाजाची पातळी मोजली ती निघाली उंबरठ्याच्या जेमतेम चार-पाच डेसिबल वर. पानांची सळसळसुद्धा याहून मोठी असते. रात्रीच्या रात्री खाऊन टाकणारा हा राक्षस यंत्राच्या तबकडीवर मुंगीएवढा दिसत होता, आणि याचेच त्याला सर्वांत अधिक दुःख झाले.

"औषध?"

डॉक्टरने उत्तर देण्याऐवजी विचारले, "तुमचे घर रेल्वेलगत आहे. पहाटेची पहिली गाडी ऐकू येते?"

तो विचारात पडला. कॅनिंगची, डायमंड हार्बरची, बजबजची, रात्रंदिवस गाड्या जातात. खिडक्यांची तावदाने थरथरतात. पुण्याहून पाहुणे आले की पहिल्या रात्री ताडकन उठून बसतात. घरातल्यांना काही कळत नाही.

"गाडी जाते, कान ऐकतो," डॉक्टर म्हणाला, "पण मेंदूने तिला कामाची नाही असे ठरवून टाकले आहे. या आवाजालाही तसेच ठरवावे लागेल. वेळ लागेल. तोवर शांततेच्या मागे लागू नका."

पाव्हेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये मांडलेल्या विचाराचे हे बालीगंजी भाषांतर होते. सगळ्यांना ते सारखे लागू पडत नाही. एकाच कानात आवाज येणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येणे, बहिरेपण एकाएकी येणे या निराळ्या गोष्टी आहेत. त्यांत विलंब परवडत नाही. काही औषधांनीही कान वाजतात. मलेरियाच्या या जुन्या मुलुखात क्विनाइन घेतलेल्या पिढ्यांना ते माहीत होते. पण मागखात्यातून आलेल्या कानाला औषध नाही. श्रवणयंत्र, मंद आवाजाची सोबत, आणि मनाची समजूत घालण्याची एक दीर्घ तालीम, एवढेच हाती असते.

ती तालीम कशी चालते, याच्या काही हकिकती हास्यास्पद आहेत. पहिल्याच थंडीत बायकोने त्याच्या डोक्यावर माकडटोपी चढवली. बंगाली माणूस अठरा अंश सेल्सियसला ती चढवतो आणि चाळीस वर्षांच्या वास्तव्याने त्यांचेही रक्त बंगाली झाले होते. टोपीने कान झाकले, बाहेरचे आवाज अडले, आणि आत अशी काही मैफल सुरू झाली की तो टोपी फेकून गच्चीवर जाऊन उभा राहिला. तेव्हापासून तो थंडीतही पंखा लावून दोन रजया घेऊन निजतो. बायको कुरकुरते आणि तिसरी रजई घेते.

तिची खरी कुचंबणा दिवसाची. वरच्या पट्टीतले ऐकू येईनासे झाले की आधी व्यंजने जातात. स, श, फ, त ही फार नाजूक अक्षरे आहेत. स्वर उरतात. म्हणजे बोलणे ऐकू येते, शब्द येत नाहीत. ती बाजारातून फोन करते, "तासाने येते," आणि हा आनंदाने सांगतो, "आण, पण इलिश असेल तरच." मासा तिने म्हटलेलाच नसतो. लग्नापासून ती त्याला 'अहो, ऐकलंत का' अशी हाक मारी. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बायका मारीत आल्या तशीच, शब्दांच्या अर्थाकडे न पाहता. एके दिवशी तिने ती हाक बंद केली. आता ती समोर येऊन उभी राहते, त्याने पाहिल्यावरच बोलते. या बदलाविषयी दोघेही काही बोलले नाहीत.

पुण्याच्या एका वडीलधाऱ्या आप्ताने पत्रातून अभिनंदन केले: लोक जन्मभर साधना करतात तो अनाहत नाद तुला घरबसल्या मिळाला. थट्टा होती की श्रद्धा, हे अक्षरावरून कळत नव्हते. त्याने हठयोगप्रदीपिका काढून वाचली. योग्याला क्रमाक्रमाने ऐकू येणाऱ्या नादांची तिथे यादी आहे: समुद्र, मेघ, भेरी, मग शंख, घंटा, शेवटी वेणू, वीणा आणि भुंगा. मग त्याने माधवनिदान पाहिले. कर्णनादाच्या रोग्याला काय ऐकू येते? भेरी, मृदंग, शंख. कर्णक्ष्वेडाच्या रोग्याला? वेणूचा घोष. वाद्ये तीच! सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले त्यांत हे दोन्ही आहेत. एकाच ध्वनीला एका ग्रंथात मोक्षाची पायरी म्हणावे आणि दुसऱ्यात वायूचा प्रकोप, हे वाचून त्याची करमणूक झाली. पण दोहोंतला भेदही त्याच्या ध्यानात आला. योगी त्या नादाकडे आपण होऊन जातो आणि त्यात मन विरघळवतो. याच्याकडे नाद आपण होऊन आला होता आणि मनाला विरघळू देत नव्हता. बेद्रिच स्मेताना हा चेक संगीतकार १८७४ मध्ये बहिरा झाला. त्याने दोन वर्षांनी आपल्या आयुष्यावर एक चतुर्वाद्य रचना लिहिली, आणि तिच्या शेवटच्या भागात, ऐन आनंदाच्या भरात, आपल्या कानातला तो तीक्ष्ण उंच सूर व्हायोलिनला धरून ठेवायला लावला. ही रचना त्याने मिळवून ऐकली. सूर आला तेव्हा तो दचकला नाही. त्याला वाटले, चला, कोणीतरी साक्षीदार आहे.

छपऱ्याच्या विणकराला असा साक्षीदार मिळाला नव्हता. तो एकदा बजबजच्या गाडीने गिरणीपर्यंत जाऊन आला. फाटकाला कुलूप होते, मजुरांच्या चाळीत निराळी माणसे राहत होती. नाव सांगून विचारण्याची त्याला हिंमत झाली नाही. कारण त्याला नाव आठवत नव्हते. शेरा आठवत होता.

आवाजाविरुद्ध या शहराने जी लढाई केली ती देशात बरीच आधीची. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी ऐंशीच्या दशकातच न्यायालयाचे दार ठोठावले होते. कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी एप्रिल १९९६ मध्ये ध्वनिवर्धकांवर निर्बंध घालणारा निकाल दिला. बोलण्याच्या स्वातंत्र्याइतकेच न ऐकण्याचेही स्वातंत्र्य माणसाला आहे, कोणालाही बंदिस्त श्रोता करता येत नाही, हा त्याचा गाभा. त्या काळातच फटाक्यांसाठी राज्यात ९० डेसिबलची मर्यादा ठरली; उर्वरित देशात ती १२५ होती. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि वस्तीत रात्री दहानंतर ४५ डेसिबलची रेषा आखली गेली. कालीपूजेच्या रात्री ती रेषा कोण पाळतो, हे बालीगंजच्या कुत्र्यांना विचारावे. तरीही ९० चा आकडा म्हणजे या शहराने स्वतःला घातलेली एक शपथ होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती मर्यादा १२५ केली. वर्तमानपत्रात हे पस्तीसचे अंतर किरकोळ दिसते. त्याने कागदावर गणित केले: ध्वनीची तीव्रता सुमारे ३००० पट. १९९६ च्या निकालाच्या वेळी आपण कुठे होतो, हेही त्याला आठवले. मागखात्यात. वर्तमानपत्र वाचून त्याने सहकाऱ्यांना मोठ्या समाधानाने सांगितले होते, बरे झाले, आता रात्री झोप लागेल.

त्याच महिन्यात दुर्गापूजा आली. गल्लीतल्या लहानशा मंडपात दरवर्षी बाहेरगावचा एक ढाकी येतो. पूजेच्या आधी सियालदा स्थानकाबाहेर ढाक घेतलेल्या माणसांची गर्दी जमते, पूजावाले तिथून वादक ठरवून आणतात. या ढाक्याबरोबर त्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा असतो. तो काँसर वाजवतो. ढाक कमरेच्या उंचीवर, मुलगा बापाच्या डाव्या अंगाला उभा. म्हणजे ढाकाचे तोंड आणि पोराचा कान एका रेषेत येतात. हातातल्या काशाच्या थाळीवर लाकडाचा दांडा पडतो तो निराळाच.

सप्तमीच्या दुपारी आरती संपल्यावर पोरगा ओट्यावर बसून मुडी खात होता. म्हाताऱ्याच्या कानांतून त्याने काहीतरी पिवळे काढताना पाहिले.

"दादू, ओटा की?"

स्पंजाची बुचे. बोटांत पिळून बारीक करायची, डोक्यामागून दुसरा हात आणून कानाची पाळी वर ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायची. कापसाच्या बोळ्याने यातले काही साधत नाही. त्याने पोराला नवी जोडी देऊन सगळे करून दाखवले. पोराला गंमत वाटली. बापाला वाटली नाही. "ताल केटे जाबे, बाबू," तो अदबीने म्हणाला. बुचे घातली तर पोराला ताल कळायचा नाही.

या वाक्यावर द्यायला त्याच्याजवळ उत्तर असायला हवे होते. ते तो स्वतः तीस वर्षे वापरीत आला होता. ताल जात नाही, नुसता दूर जातो, असे तो काहीसे अडखळत म्हणाला. बापाने मान हलवली आणि ढाकाच्या दोऱ्या आवळायला घेतल्या.

मग त्याने पोराला विचारले, रात्री निजल्यावर कानात काही वाजते का?

"बाजे तो," पोरगा मुडीचा बकाणा भरत म्हणाला. "सबाइर बाजे. पूजोर परे थेमे जाय."

सगळ्यांच्याच वाजते. पूजेनंतर थांबते. वाकलेले तुरे अजून उभे राहत होते.

अष्टमीला आणि नवमीला त्याने गच्चीवरून पाहिले. पोराचे कान उघडेच होते. दशमीला प्रतिमा गाडीवर चढली. बायका सिंदूर खेळून आल्या होत्या. ढाक गल्लीच्या तोंडाशी आला, तसा तोही खाली उतरून कडेला उभा राहिला. मिरवणूक समोरून गेली. पोरगा जोरजोरात काँसर हाणीत होता, आणि त्याच्या उजव्या कानात, बापाच्या बाजूच्या कानात, पिवळे काहीतरी दिसत होते. डावा उघडा होता. तालासाठी ठेवला असावा.